पृथ्वी तापून राहिली, मग माझ्या कुरोड्या काहून भिजतात?

वाळवणवाली, महाल

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण घरात तीन दिवसांपासून यावरूनच तोंडातोंडी चालू आहे, म्हणून इथे टाकते.

मी नागपूरची, महालातली. उन्हाळ्यात वाळवणं करून विकते. कुरोड्या, सरगुंडे, उडदाचे पापड, मूगवड्या, साबुदाण्याच्या चकल्या. गल्लीतल्या तिघीचौघी सोबत असतात. होळी झाली की आमचा सीझन सुरू, मृग लागला की खलास. तेवढ्या दिवसांत वर्षाचं काय ते कमवायचं.

यंदा एप्रिलच्या शेवटी बारा किलो गहू भिजत घातला. ज्यांनी कुरोड्या केल्या त्यांना माहीत आहे, गहू तीन दिवस भिजतो, रोज पाणी बदला, मग वाटा, गाळा, चीक निवळू द्या. चौथ्या दिवशी पहाटे चारला उठून चीक हाटला, कारण सातनंतर शेगडीपाशी उभं राहवत नाही. आठच्या आत सगळ्या कुरोड्या स्लॅबवर, बाजांवर जुन्या साड्या अंथरून पाडल्या. दुपारी ऊन असं की अनवाणी पाय टेकवेना. मी खूश. तीन वाजता हिंगण्याकडून काळं आलं आणि पंधरा मिनिटांत गारा. आम्ही साड्यांची टोकं धरून धावलो, पण अर्धी वाळलेली कुरोडी भिजली की संपलीच. वरून कडक, आतून ओली. दुसऱ्या दिवशी आंबूस वास, तिसऱ्या दिवशी हिरवी बुरशी. गाईपुढे टाकल्या तर गाईनंही तोंड फिरवलं. पुण्याची ऑर्डर होती, ती गेली ते वेगळंच.

आता मूळ भांडण. पोरगी नववीत. शाळेनं प्रकल्प दिला, ‘जागतिक तापमानवाढ : कारणे व परिणाम’. तिनं नेहमीसारखं लिहिलं, कारखाने, गाड्या, जंगलतोड, बर्फ वितळतो, समुद्र वाढतो. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, भिंग लावून सगळं वाचलं आणि म्हणाले, “हे सगळं पुस्तकातलं. नागपुरात कुठे आहे ते दाखव.”

मामाजी पोस्टातून रिटायर झालेले, आकड्यांचे पक्के. त्यांच्याकडे एक वही आहे. कूलर कधी लावला, कधी उतरवला, पहिला आंबा कधी आणला, लाईट बिल किती आलं, सगळं त्यात. त्यांचं म्हणणं असं : नागपूरचा विक्रम ४७.९ अंशांचा, २३ मे २०१३ चा. इतकी वर्षं झाली, पृथ्वी तापून राहिली म्हणता, तर तो मोडला काहून नाही? उलट २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ वर आला होता, तो तर थंडीचा विक्रम. आणि उन्हाळ्यात गारा पडून सुनेच्या कुरोड्या भिजतात. “तापून राहिली की गारठून राहिली, ते एकदा ठरवा.” वर हिमयुगं येतात-जातात, तेव्हा काय मोटारी होत्या?

पोरगी रडकुंडीला आली. मलाही उत्तर देता आलं नाही, कारण खरं सांगू? कुरोड्यांचा प्रश्न माझाही आहे. मले तर वाटे की जास्त तापलं तर माझं वाळवण लवकर वाळेल. तसं होत तर नाही.

कोणी नीट समजावून सांगेल का? ‘झाडे लावा’ हे उत्तर नको. झाडं आहेत, स्लॅबवर कुंड्या आहेत.

निवृत्त मास्तर, धरमपेठ

ताई, तुमच्या मामाजींचे प्रश्न चांगले आहेत. पोरीला सांगा, रडू नको, असा परीक्षक नशिबानं मिळतो.

आधी कारण. तुम्ही लहानपणी मे महिन्यात स्लॅबवर झोपला असालच. आठवा, निरभ्र रात्र असली की पहाटे चादर ओढावी लागायची. आणि ज्या रात्री ढग आले, वारा पडला, त्या रात्री उशी ओली व्हायची. वास्तविक दिवसा ढगांनी ऊन अडवलं असतं, मग रात्री ढग असताना गरम का? कारण तापलेली जमीन रात्रभर आपली उष्णता वर आकाशात सोडत असते. डोळ्यांना न दिसणारे किरण असतात ते. ढग ते किरण गिळतात आणि त्यांतले बरेचसे परत खाली पाठवतात. कार्बन डायऑक्साइड हेच काम करतो, फक्त तो दिसत नाही आणि सकाळी विरून जात नाही.

हे कालपरवा कोणी रचलेलं नाही. जमिनीची उष्णता हवेमुळे अडकून राहते असा विचार फ्रान्सच्या फूरिये यांनी १८२४ मध्ये मांडला. युनिस फूट या अमेरिकन बाईंनी १८५६ मध्ये काचेच्या नळ्यांत वेगवेगळे वायू भरून उन्हात ठेवले, तर कार्बन डायऑक्साइडची नळी सर्वांत जास्त तापली आणि निवायलाही सर्वांत जास्त वेळ लागला. (स्लॅबवर वस्तू उन्हात ठेवून विज्ञान करणाऱ्या तुम्ही पहिल्या नाहीत!) तीन वर्षांनी टिंडल यांनी मोजून दाखवलं. १८९६ मध्ये स्वीडनच्या अर्‍हेनियस यांनी कागदावर हिशेब केला की हा वायू दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल. तेव्हा नागपुरात घोडागाड्या होत्या.

हे वायू मुळीच नसते तर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे १८ अंश असतं, आज ते १५ च्या आसपास आहे. म्हणजे वायू मुळात उपकारीच. भानगड प्रमाणाची आहे. कारखाने सुरू होण्याआधी हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे २८० होते. १९५८ मध्ये हवाईच्या मौना लोआ डोंगरावर रोजचं मोजमाप सुरू झालं तेव्हा ३१५ च्या घरात. आता ४२० च्या वर.

हिमयुगांचं मामाजी म्हणतात ते अगदी खरं आहे. पृथ्वीची कक्षा आणि आसाचा कल हळूहळू बदलतो, त्यानं ती येतात-जातात. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी पृथ्वी आजच्यापेक्षा पाच ते सात अंशांनी थंड होती आणि त्यातून बाहेर यायला तिला हजारो वर्षं लागली. आता दीडशे वर्षांत सव्वा-दीड अंश चढला. जिना तोच, पण एक जण पायरीपायरीनं उतरला आणि एकाला कोणीतरी ढकललं.

वाळवणवाली, महाल

मास्तर, ढगाळ रात्रीचं एकदम पटलं. मामाजींना वाचून दाखवलं. वहीत त्यांनीच जागोजागी ‘ढगाळ. झोप नाही.’ असं लिहून ठेवलं आहे, आता नाही कसं म्हणतील?

पण ते हरणारे नाहीत. म्हणतात, दहा लाखांत ४२० म्हणजे चिमूटसुद्धा नाही, तेवढ्यानं काय होतं? आणि दुसरं, वाढलेला वायू माणसानंच सोडला कशावरून? ज्वालामुखी आहेत, समुद्र आहे.

पोरीनं वहीतून एक गोष्ट शोधली. आधीच्या वर्षांत ‘स्लॅबवर झोपलो’ अशा नोंदी भरपूर, मग कमी होत होत बंदच. तिला वाटलं, सापडला पुरावा, रात्री गरम झाल्या. मास्तर, हा पुरावा चालेल का?

निवृत्त मास्तर, धरमपेठ

नाही चालणार, आणि पोरीला हे आत्ताच कळलेलं बरं. स्लॅबवर झोपणं बंद झालं ते डासांनी, शेजारी उठलेल्या चार मजल्यांनी आणि खालच्या खोलीत कूलर आल्यानं. आकडा पाहिजे तर थर्मामीटरचा पाहिजे, सवयीचा नाही.

चिमटीचं म्हणाल तर बारा लिटरच्या बादलीत चहाचा एक चमचा घाला, ते झालं दहा लाखांत ४०० च्या आसपास. आता तो चमचा निळीचा असू द्या आणि बादलीत धोतर बुडवून बघा म्हणावं मामाजींना.

बॉयलरवाला, कामठी रोड

माणसानंच सोडला कशावरून, याचं उत्तर मी देतो काकू. सगळी नोकरी औष्णिक वीज केंद्रात गेली, बॉयलरवर. कोणतं केंद्र ते राहू द्या. नागपूरच्या उत्तरेला उभं राहिलं की कोराडी आणि खापरखेड्याच्या चिमण्या दिसतात, त्या जातीचंच.

आपल्याकडचा कोळसा गोंडवनी. पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीची दलदलीतली झाडं ती. झाड जिवंत असताना हवेतून थोडा किरणोत्सारी कार्बन घेतं, कार्बन-१४ म्हणतात त्याला. तो साधारण ५,७०० वर्षांत निम्मा होतो. पंचवीस कोटी वर्षांत काय उरणार, शून्य. म्हणून कोळसा जाळून निघालेल्या वायूत कार्बन-१४ नसतोच. हवेत त्याचं प्रमाण पातळ होत चाललं आहे हे विसाव्या शतकाच्या मध्यातच मोजून झालं. दुधात पाणी घातलं की लॅक्टोमीटर सांगतो ना, तसंच. ज्वालामुखींचं म्हणाल तर जगातले सगळे मिळून वर्षाला जेवढा सोडतात तो माणसाच्या एक टक्कासुद्धा भरत नाही.

आता घरचा हिशेब. आपल्या कोळशात राखच तीस-चाळीस टक्के. एक युनिट वीज काढायला सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा लागतो आणि त्यातून किलोच्या आसपास वायू निघतो. लोक विचारतात, कोळशापेक्षा वायूचं वजन जास्त कसं? अहो, जळताना हवेतला ऑक्सिजन चिकटतो. १२ ग्रॅम कार्बन ३२ ग्रॅम ऑक्सिजन घेऊन ४४ ग्रॅम होतो. राख आम्ही डोळ्यांनी बघायचो, बंधाऱ्यात जायची, तिच्यावर लोक ओरडायचे आणि बरोबरच ओरडायचे. पण चिमणीतून राखेच्या कितीतरी पट वजनाचं जे जात होतं ते कोणाला दिसत नव्हतं. मलाही नाही. मी आपला स्टीम प्रेशर बघायचो.

तुमचा कूलर तासाला पाव युनिटसुद्धा खात नाही. दीड टनाचा एसी रात्रभरात आठ-दहा युनिट सहज खातो. म्हणजे एका बेडरूमच्या एका रात्रीसाठी सहा किलो कोळसा कोणीतरी जाळला. गंमत बघा, गरम होतं म्हणून एसी, एसीसाठी कोळसा, कोळशानं आणखी गरम.

कोळसा एकटाच नाही. सिमेंट बनवताना चुनखडी भाजतात, तेव्हा भट्टीच्या इंधनाशिवाय दगडातूनही हाच वायू सुटतो. नागपूरचे रस्ते सिमेंटचे केले, त्यांचा हिशेब यात धरा. भंडारा-गोंदियाचा पाणी साठवलेला धान, गाईगुरांचं रवंथ, कचऱ्याचे डोंगर, यांतून मिथेन. तो हवेत बारा-एक वर्षंच टिकतो, पण तेवढ्यात जोरदार तापवतो. कार्बन डायऑक्साइडचा काही भाग मात्र हजारो वर्षं जात नाही.

एक गोष्ट मात्र मामाजींच्या बाजूनं बोलतो. आपला देश एकूण सोडण्यात चीन आणि अमेरिकेच्या मागे तिसरा, पण माणशी बघाल तर वर्षाला दोन टनांच्या आसपास. अमेरिकन माणूस चौदाच्या आसपास. आणि आजवर साचलेल्यात सर्वांत मोठा वाटा त्यांचाच. कोराडीची चिमणी दिसते म्हणून सगळं पाप तिच्या माथी मारू नका.

संत्रावाला, काटोल

ताई, तुमच्या कुरोड्यासारखंच आमचं बी हाय. संत्र्याचा अंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारीत फुटते. त्याच्या आधी झाडाले पानी तोडून तान द्या लागते, जमीन कोरडी, झाड सुकल्यासारखं दिसलं पायजे, तवाच फूल येते. आता डिसेंबरात पानी आला का तान तुटला. फूल आलंच तं मार्च-एप्रिलात गोट्याएवढं फळ असते. त्यावर गार पडली का टिचते, आन मे महिन्यात पारा ४५ वर गेला का झाड स्वतःच फळ टाकून देते. सकाळी बगीच्यात गेलं का झाडाखाली हिरवी चादर.

माहा बाप म्हने रोहिनीत पेरू नको, मृगाची वाट पाह्य. आता मृगाची वाट पाहाची का पान्याची, तेच समजत नाही. २०२५ ले मान्सून २४ मेले केरळात आन २६ मेले मुंबईत आला, आन मंग थांबून बसला. ज्यानं घाई केली त्याले दुबार पेरनी.

हे सगळं तापमानवाढीनंच झालं का? मले नाही मालूम. पन बापाचं कॅलेंडर आता माह्या कामाचं नाही, हे मालूम हाय.

फुटाळा_कट्टा

विक्रम मोडला नाही कसं म्हणता? ३० मे २०२४ ला नागपुरात ५६ अंश झालं होतं. सगळ्या चॅनेलवर होतं. स्क्रीनशॉट आहे माझ्याकडे.

निवृत्त मास्तर, धरमपेठ

तो स्क्रीनशॉट जपून ठेवा, पण प्रकल्पात घालू नका. ५६ एका स्वयंचलित केंद्रावर दिसले आणि हवामान खात्यानंच लगेच सांगितलं की तिथला सेन्सर बिघडला होता. शहरातल्या दुसऱ्या केंद्रांवर त्या दिवशी आकडे पंचेचाळीसच्या आसपास. असे खोटे आकडे फिरतात म्हणूनच मामाजींसारखी माणसं खऱ्यावरही विश्वास ठेवत नाहीत.

आता ४७.९ न मोडल्याचं. एका गावाचा एका दिवसाचा विक्रम ही लॉटरी असते. त्या दिवशी वारा कुठून आला, आकाश स्वच्छ होतं का, आधी किती दिवस कोरडे गेले, सगळं एका रांगेत यावं लागतं. हवामान बदललं की नाही ते सरासरीत बघायचं. केंद्राच्या भूविज्ञान मंत्रालयाचा २०२० चा अहवाल आहे, त्यात १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशांनी वाढल्याचं दिलं आहे. जगाचं त्याहून जास्त. २०२४ हे मोजमाप सुरू झाल्यापासूनचं सर्वांत उष्ण वर्ष, १८५०–१९०० च्या तुलनेत दीड अंशाच्या किंचित वर.

भारत मागे का? एक मोठं कारण गमतीचं आहे, गमतीचं म्हणजे वाईट. आपल्या हवेत धूर-धूळ इतकी की ती दिवसाचं ऊन थोडं अडवते. ओलिताची शेती वाढली, त्यातलं पाणी वाफ होऊन जमीन थोडी निववते. म्हणजे दुपारचा पारा आपल्याला अर्धीच गोष्ट सांगतो. रात्री ऊनच नसतं, त्यामुळे धुराची ती सावली रात्री उपयोगाची नाही. मामाजींना म्हणावं, पेपरातला कमाल आकडा वाचता तसा किमानही लिहा.

आणि रात्रींवरून आणखी एक. सूर्य जास्त तापल्यानं हे झालं असतं तर दिवस जास्त तापले असते आणि हवेचे वरचे थरही तापले असते. उपग्रह १९७८ पासून सूर्य मोजत आहेत, त्यात चढ नाही. वरचा थर, स्थितांबर, तर थंड होतो आहे. हे असं होईल असं स्युकुरो मानाबे यांनी सहकाऱ्यासोबत १९६७ मध्येच गणितानं मांडलं होतं. २०२१ चं नोबेल त्यांना मिळालं. वर थंड, खाली गरम, हे सूर्याचं काम नव्हे, मधल्या वायूचं.

३.५ अंशांची ती थंडी उत्तरेकडून आलेल्या कोरड्या वाऱ्याची. थंडीच्या लाटा येणारच, बंद होत नाहीत, फक्त त्यांची पाळी विरळ होत जाते. पगार वाढला तरी एखादा महिना तंगीचा जातोच की.

वाळवणवाली, महाल

मास्तर, सगळं बरोबर. पण माझ्या कुरोड्या?

निवृत्त मास्तर, धरमपेठ

मुद्दाम शेवटी ठेवल्या होत्या.

तुम्हाला वाटतं ‘तापलं’ म्हणजे ‘ऊन वाढलं’. ऊन तेवढंच आहे हो. जी वाढली ती हवेची पाणी धरायची ताकद, दर अंशामागे सुमारे सात टक्के. आणि तापमानवाढीची नव्वद टक्के उष्णता समुद्रात मुरते, तिथून वाफ जास्त उठते. एप्रिल-मे मध्ये विदर्भाची जमीन भाजलेली असते, वरची हवा थंड, त्यात बंगालच्या उपसागराकडून किंवा अरबी समुद्राकडून ओल आली की दुपारी तीन-चारला ढग उभे चढतात आणि वळीव कोसळतो, कधी गारा. हे आपल्या आजोबांच्या काळीही होतच होतं. म्हणून तुमच्या त्या एका दिवसाच्या बारा किलोचा दावा मी तापमानवाढीवर लावणार नाही, कोर्टात टिकणार नाही. मी एवढंच म्हणेन की आता पाऊस आला की त्याच्या पोत्यात माल जास्त असतो.

तुमचं आणखी एक नुकसान तुम्ही सांगितलंच नाही. कूलर जूनमध्ये का चालत नाही? मे महिन्यात ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असली की ओल्या ताटीतून आलेली हवा जास्तीत जास्त २२-२३ अंशांपर्यंत उतरू शकते, म्हणून खसची ताटी बहार आणते. जूनमध्ये पारा ३४, पण आर्द्रता ७०. तेव्हा कितीही पाणी ओता, २९ च्या खाली उतरणारच नाही. तुमचं शरीर हाही एक कूलरच, घाम म्हणजे ताटी. आणि ओली कुरोडीसुद्धा त्याच नियमानं वाळते. ३४ च्या चिकट हवेपेक्षा फेब्रुवारीतल्या ३० च्या कोरड्या हवेत ती चांगली वाळेल.

अंबाझरीकर

पोत्यात माल जास्त हे आम्हाला सांगा. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट. चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदी घरात. आमच्याकडे सोफ्यावर फ्रिज तरंगत आलेला. वडिलांना पाठुंगळी घेऊन गच्चीवर गेलो. शहरात माणसंही गेली त्या रात्री.

पण मास्तर, सगळं तापमानवाढीवर ढकलू नका बरं का, नाहीतर ज्यांनी नाल्याच्या काठावर बांधकामं होऊ दिली ते खुशाल सुटतील. पाऊस जास्त आला हे वरचं, पाणी मुरायला आणि वाहायला जागा ठेवली नाही हे आपलं.

वाळवणवाली, महाल

सगळ्यांचे आभार. बॉयलरवाले भाऊ, काकू म्हणालात ते माफ केलं.

घरातलं सांगते. मामाजींनी गोकुळपेठेतून साधा भिंतीवरचा थर्मामीटर आणला. आधी स्वयंपाकघराच्या बाहेरच्या भिंतीला टांगला, तिथे शेगडीची धग लागते म्हणून पोरीनं भांडण केलं, मग तुळशीपाशी सावलीत, जमिनीपासून चार फुटांवर. आता पहाटे साडेचारला उठून किमान आकडा लिहितात. मान्य केलं असं तोंडानं म्हटलं नाही, आणि म्हणणारही नाहीत. पण वहीत नवीन रकाना आखला, ‘रात्र’, लाल शाईनं. म्हणे, दहा वर्षांनी बघू. वय चौऱ्याऐंशी!

पोरीनं प्रकल्प पुन्हा लिहिला. निळीचा चमचा आला, काटोलची संत्री आली. बर्फाचं अस्वल काढून टाकलं, त्याऐवजी कूलरची ताटी काढली. बाईंनी विचारलं, हे पुस्तकात कुठे आहे?

माझं म्हणाल तर मीही जरा डोकं चालवलं. उन्हानं नाही, कोरड्या हवेनं वाळतं हे मला वीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं, पण हाताला माहीत होतं. उडदाचे पापड आम्ही सावलीतच वाळवतो ना? पंचेचाळीसच्या उन्हात ठेवले तर कडा वळतात आणि मधोमध तडकतात. मग कुरोड्यांसाठी एप्रिल धरून बसायचं कशाला? पुढच्या खेपेला माघातच गहू भिजवते. आमच्यातली एक म्हणते, होळीआधी कुरोडी पाडायची पद्धत नाही. तिला म्हटलं, गारा पद्धत बघून पडत नाहीत.

तरी मार्चमधल्या अवकाळीची धाकधूक आहेच. म्हणून आता शेवटचा प्रश्न. तो पारदर्शक शीट लावलेला सोलर ड्रायर असतो, आत जाळीचे ट्रे असतात, तो इथे कोणी वापरला आहे का? पापड-वड्यांना चालतो असं ऐकलं. पण कुरोडीचं गिऱ्हाईक आधी रंग बघते. त्यात ती पांढरी राहते की पिवळी पडते?